धोंड्याचे टायर

नांदेड सोडून लातूरच्या रस्त्याला लागलं की विष्णुपुरीत, इंजिनीअरिंग कॉलेजच्या थोडं पुढे, एका बाभळीखाली अण्णारावाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. तीन बाजूंनी पत्रे, पुढून उघडं, दारात पाण्याचं घमेलं आणि वर पाटी: 'टायर बदलण्याआधी एकदा दाखवा.' पाटी त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली. त्यातलं शेवटचं अक्षर जरा खाली घसरलंय, पण ते नीट करावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही. दुसऱ्यांच्या टायरांतच त्याचा दिवस जायचा.

हल्ली कुणाला धीर म्हणून उरलेला नाही. चाकातली हवा गेली की लोक खाली वाकून बघतसुद्धा नाहीत, सरळ नव्या टायरची चौकशी करतात. अशा लोकांचा अण्णारावाला भारी राग. तो टायर हातात घ्यायचा, अंगठ्याने दाबायचा, उलटंपालटं करायचा आणि मास्तरने पोराला झापावं तसं गिऱ्हाइकाला झापायचा. "अजून दीड वर्ष पळतंय हे. कामून फेकायलाव?" मग ट्यूब काढून, घमेल्यात बुडवून, बुडबुडे कुठून येतात ते दाखवून, घासून, पॅच लावून गाडी परत द्यायचा. त्याने काढलेलं पंक्चर पुन्हा त्याच जागी सुटलं असं त्या रस्त्यावर कुणी सांगणार नाही.

पण एका बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. टायर जिथे रस्त्याला टेकतं तिथे खिळा घुसला तर ते भोक बुजवता येतं. बाजूला, साईडला चीर गेली आणि आतले दोरे दिसायला लागले, की ते टायर संपलं. काही दुकानदार अशा चिरेला आतून जुन्या टायरचा तुकडा लावून देतात. त्याला गेटर म्हणतात. वरून सगळं ठीक दिसतं आणि आत फाटलेलं ते फाटलेलंच असतं. गेटर टाकलेली गाडी सावकाश घरी न्यायची आणि उभी करायची, एवढाच त्याचा उपयोग. पण लोक तीच गाडी महिनोन्‌महिने दामटतात, हे माहीत असल्यामुळे मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला अण्णाराव गेटर टाकतच नसे. तीस वर्षांत टाकलं नव्हतं. एकदाच टाकलं, ते स्वतःच्या जावयाच्या गाडीला.

जावई दयानंद. गाव अहमदपूरच्या पुढे, चाकूरकडे. घरची काळी जमीन, बारमाही विहीर आणि एकुलता एक. अण्णारावाच्या ऋतुजाला बघायला आले तेव्हा दयानंदाचे वडील आप्पासाहेब म्हणाले होते, "आमाला पोरगी द्या. बाकी घरात सगळं हाय." आणि खरंच त्यांनी काही मागितलं नाही, पुढे कधी आडून सुचवलंही नाही. भल्या माणसाचं हे असं असतं. त्याने काही मागितलं नाही म्हणून आपल्यालाच रुखरुख लागून राहते. अण्णारावाला ती दोन वर्षं लागली होती.

आणि यंदा अधिक ज्येष्ठ येत होता. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायणाचा जोडा म्हणून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताटात तेहेतीस अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. त्या वाणाला काय द्यायचं याचा घोर अण्णारावाने संक्रांतीपासूनच लावून घेतला होता. अंगठी नको, घड्याळ नको, ते कुणीही देतं. मग एके दिवशी त्यालाच सुचलं. आपण कोण, तर टायरवाला. जावयाच्या गाडीला पुढचं आणि मागचं, दोन्ही टायर नवेकोरे द्यायचे, आणि तेही आप्पासाहेबांच्या समोर, भावकीच्या समोर, ताटाशेजारी मांडून.

त्याची बायको सरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. "टायरला हळदीकुंकू लावायचं का मग?"

"लावायचं की. वाण हाय ते."

तिने खरंच लावलं. चमकत्या पट्टीत गुंडाळलेले दोन्ही टायर एकमेकांवर ठेवून त्यांना हळदीचा दोरा बांधला आणि त्यावर कुंकवाची दोन बोटं ओढली. अण्णारावाने ते दुकानात आतल्या बाजूला, पाण्याच्या माठाच्या वर खुंटीला टांगले आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून वरून पोतं टाकलं. महिना लागायला बारा दिवस होते.

त्या दिवशी सकाळी कॉलेजातला एक विद्यार्थी आला होता. त्याच्या पुढच्या टायरला साईडला चीर होती, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. "काका, आतून तुकडा लावून द्या. पेपर हाय माझा," तो म्हणाला. अण्णारावाने टायरला हात लावला नाही. "पेपर पुढच्या वर्षी देता येतो. डोकं फुटलं तर ते कुठून आणशील? हे बदल. असं टायर मी रस्त्यावर सोडत न्हाई." पोरगा तणतणत गाडी ढकलत निघून गेला. अण्णारावाला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्या दिवशी दुपारी जेवताना त्याने सरजाबाईला ती हकीकत चवीने सांगितली.

तो जेवून उठतो न उठतो तोच दयानंद गाडी ढकलत आला. अर्धापूरला केळीची रोपं बघायला गेला होता. चाकूरकडच्या जमिनीत केळी लावायची त्याने मनावर घेतलं होतं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि तरी तोंडभर हसत होता, कारण रोपं पसंत पडली होती.

"मामा, पुढचं बसलं. दगडाला घासलं बघा साईडला."

अण्णारावाने चाक खोललं, टायर उलटं केलं आणि बोट फिरवलं. बोटभर चीर होती. दोरे दिसत होते. सकाळी ज्या टायरला त्याने हात लावला नव्हता, त्याच्यापेक्षा हे किती तरी वाईट होतं.

दयानंद पाणी प्यायला आत गेला. अण्णाराव टायर मांडीवर घेऊन तसाच बसला. करायचं काय होतं? उठायचं, पोतं बाजूला करायचं, नवं टायर खाली घ्यायचं आणि चढवायचं. वीस मिनिटांचं काम. पण मग धोंड्याला काय द्यायचं? रस्त्यावर घासून मळलेलं टायर ताटाशेजारी ठेवायचं? की एकटंच मागचं द्यायचं? वाण महिना लागायच्या आधी कुणी देतं का? आणि आप्पासाहेब येणार, चार माणसं येणार, त्यांच्यासमोर द्यायचं म्हणून तर संक्रांतीपासून सगळं चाललेलं. नांदेडातून दुसरं टायर आणता आलं असतं. त्याला तासभर लागला असता. थांबा जरा, मी जाऊन येतो, एवढंच म्हणायचं होतं. हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, ही त्याची पुढे एक महिनाभर स्वतःशीच चाललेली साक्ष. ते खरंही होतं.

पण तेवढ्यात दयानंद तोंड पुसत बाहेर आला. पाणी प्यायला त्याला जरा वेळच लागला होता. तो म्हणाला, "मामा, गेटर टाकून द्या की. बारा-पंधरा दिवस तर धकतंय."

अण्णारावाच्या मनावरचा भार उतरला. जावईच म्हणतायत म्हटल्यावर प्रश्न मिटला. बारा दिवस, आणि मग दोन्ही टायर नवे. त्याने जुन्या टायरातला चांगला जाड तुकडा निवडून कापला, कडा घासल्या, दुहेरी लावला. इतकं नीट गेटर त्याने कधी कुणाला लावलं नसेल. हवाही जरा कमीच भरली.

"हळू जा. चाळीसच्या वर नेऊ नका. ऊन लई हाय, रस्ता तापलाय."

"हाव मामा."

"अन् धोंड्याला आदल्या दिवशीच या दोघं."

"येतो की. तुम्ही बोलवायचं अन् मी यायचं न्हाई, असं होतंय का?" दयानंद पुन्हा हसला. तो गेला तेव्हा दोन वाजून गेले होते.

साडेचारला फोन आला. अहमदपूरच्या अलीकडे, उतारावर, गाडी रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन आपटली होती. दवाखान्यापर्यंत न्यायची वेळच आली नाही.

त्यानंतरचे दोन दिवस अण्णारावाला नीट आठवत नाहीत. ऋतुजाच्या हातातल्या बांगड्या बायकांनी काढल्या तो आवाज तेवढा आठवतो. तिसऱ्या दिवशी पोलिसांचं काम संपवून दयानंदाची गाडी टेम्पोत घालून आणली आणि आप्पासाहेबांच्या अंगणात लिंबाखाली टाकली. लोक राख सावडायच्या गडबडीत होते. अण्णाराव एकटाच गाडीपाशी गेला. पुढचं टायर फुटून रिमवरून निघालं होतं. चीर बोटभर होती ती वीतभर झाली होती, आणि तिच्यातून त्याचं स्वतःचं गेटर अर्धं बाहेर लोंबत होतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. मग तो तुकडा ओढून काढला आणि बंडीच्या खिशात घातला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बोटाने दाखवणाऱ्या माणसाने आपली चूक अशी उपटून खिशात घातली. आणि तिथून पुढे तो गप्प झाला.

पंचनाम्यात लिहिलं होतं, वेगामुळे गाडीवरचा ताबा सुटला. लोकही तेच बोलत होते. तरणा पोरगा, मोकळा रस्ता, पळवली असेल. दयानंद लग्नाआधी गाडी जोरात मारायचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. लग्नानंतर त्याने ते सोडलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर आप्पासाहेब ओसरीवर बसले होते. इतके दिवस ते बोलले नव्हते. त्या दिवशी कुणी तरी काही तरी विचारलं आणि त्यांचा बांध फुटला. "ल्हानपणापासून उतावळा. किती येळा सांगितलं, हळू चालव, हळू चालव. बापाचं ऐकलं न्हाई. तरण्या बायकोचा इचार केला न्हाई. मला मातीत घालायचं सोडून सवता गेला," असं म्हणत ते डोकं भिंतीवर आपटायला लागले. माणसांनी त्यांना धरलं. मग ते अण्णारावाकडे वळून म्हणाले, "व्याही, तुमच्या पोरीचं वाटोळं केलं आमच्या पोरानं. माफी करा."

अण्णाराव तेव्हा बोलायला हवा होता. त्याच्या खिशात तो तुकडा होता. त्याने फक्त मान हलवली. दुःखात आपण कशालाही मान हलवतो, तशी हलवली. आतल्या दारात बायकांमध्ये ऋतुजा बसली होती. तिने बापाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

तेरावं झाल्यावर लेकीला चार दिवस माहेरी आणतात. अण्णारावाने विचारलं तर ती म्हणाली, "नंतर बघू." आठ दिवसांनी सरजाबाईने फोनवर विचारलं, तिला तेच उत्तर मिळालं. फोनवर ती आईशी दोन मिनिटं बोलायची, आणि आबांना दे म्हणायची नाही. पहिल्यासारखी रोज संध्याकाळी "आबा, जेवले का" म्हणून वाजणारी घंटी बंद झाली.

"पोरगी दुःखात हाय," सरजाबाई म्हणायची. तिला एकटीला त्याने सगळं सांगितलं होतं. दोरा तिनेच बांधला होता. "अन् तुम्ही काही बोलू नका तिला. गेलेला माणूस परत येतोय का? सांगितलं तर आपली पोरगीबी जाईल." हे म्हणताना ती भिंतीकडे बघून बोलायची.

अधिक महिना तोवर लागलाच होता. शेजारच्या घरी जावई आला, अनारशांचा वास आला. अण्णाराव दुकान उघडायचा आणि बसून राहायचा. आता त्याचं एक नवीनच सुरू झालं होतं. कुणी गाडी आणली की टायर न बघताच तो म्हणायचा, "बदला." साधा खिळा असला तरी "बदला." जुनी गिऱ्हाइकं चक्रावली. एकाने पाटीकडे बोट दाखवलं, तर अण्णारावाने स्टुलावर चढून पाटी उतरवली आणि भिंतीशी उलटी करून ठेवली. नवे टायर मात्र माठाच्या वर तसेच टांगलेले होते. पाणी प्यायला त्याला रोज त्यांच्याखाली वाकावं लागायचं, पण ते काढून कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

महिना संपायला तीन दिवस राहिले तेव्हा तो विद्यार्थी पुन्हा आला. हवा भरायला. "काका, तुम्ही त्या दिवशी लई बोलले मला," तो म्हणाला. "राग आला होता. पण नवं टायर टाकलं मी. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, त्या काकांच्या पाया पड. परक्या पोराची एवढी काळजी कोण करतंय?" आणि तो खरंच वाकला. अण्णाराव मागे सरकला. पोरगा गेल्यावर तो घमेल्यापाशी बसून ढसाढसा रडला. परक्याच्या पोराला त्याने वाचवलं होतं. स्वतःच्या पोरीच्या नवऱ्याला धकतंय म्हणून सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खुंटीवरून टायर काढले. सरजाबाई दारात आडवी आली. "कुठं निघालाव ते घेऊन?"

"जिथं द्यायचे होते तिथं."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाली. एसटीत टायर पायाशी ठेवून तो बसला. लोहा गेलं, अहमदपूरच्या अलीकडचा तो उतार आला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. इतके दिवस त्याला भीती होती ती एकाच गोष्टीची. लेक हातची सुटेल. आज ती सुटणार हे धरूनच तो निघाला होता.

दुपारी तो पोचला तेव्हा ऋतुजा ओसरीवर तूर निवडत बसली होती. कपाळ मोकळं, अंगावर फिकी साडी. बापाच्या हातातले टायर तिने बघितले, त्यांच्यावरचा पिवळा दोरा बघितला. उठून तांब्या भरून आणला आणि पुन्हा सुपापाशी बसली.

अण्णाराव पायरीवर टेकला. रस्ताभर त्याने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"ऋतु, त्या दिवशी हे टायर दुकानात होते. टायर साईडला फाटलं होतं. बदलायला पाहिजे होतं. मी बदललं न्हाई. धोंड्याला द्यायचे म्हून ठेवले. गेटर टाकून पाठवलं मी त्यांना. ते जोरात नव्हते. टायर फुटलं."

ऋतुजाचा हात सुपात थांबला. "मला माहीत हाय, आबा."

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच." तिने खडा उचलून बाजूला टाकला. "लोह्याला रस प्यायला थांबले होते. तिथून व्हिडिओ कॉल केला. म्हणले, तुझ्या आबांनी माठाच्या वर टायर टांगून ठेवलेत. मी पाणी प्यायला गेलो तर पोत्याखालून हळदीचा दोरा दिसला. उचलून बघितलं तर माझ्याच गाडीच्या मापाचे. धोंड्याचं वाण हाय ते, म्हणले. लई हसायले होते."

अण्णारावाने हातातला तांब्या खाली ठेवला.

"म्हणले, मामा टायर मांडीवर घेऊन घुटमळायले होते. आता उठून ते नवं काढून देतात की काय असं वाटलं. बिचाऱ्यांचा धोंड्याचा बेत मोडला असता. म्हून मीच म्हटलं, गेटर टाका, बारा-पंधरा दिवस धकतंय."

त्या एका वाक्याच्या आडोशाला अण्णाराव महिनाभर बसला होता. जावईच म्हणाले, मी नाही म्हणालो. रात्री झोप लागेना की तो हेच म्हणायचा. बारा-पंधरा दिवस. जावयाने नेमके बारा-पंधरा दिवसच का म्हणावेत, हे त्याने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. सासऱ्याचं मन मोडू नये म्हणून जावई बोलला होता, आणि जावयाला मान मिळावा म्हणून सासरा गप्प बसला होता. दोघांनी एकमेकांचा एवढा विचार केला, आणि चिरेचा विचार कुणीच केला नाही.

"मग तू आजपर्यंत बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही कधी सांगता ते बघायले होते." तिने सूप बाजूला सारलं. "टायरचा राग न्हाई माझा, आबा. त्यात त्यांचाबी हात हाय. पण तेराव्याला मामंजी सगळ्या गावासमोर त्यांना उतावळा म्हणले, बायकोचा इचार केला न्हाई म्हणले, अन् तुम्ही मान हलवली. ते मला सहन झालं न्हाई. तुम्हाला ठाऊक असून तुम्ही मान हलवली."

अण्णारावाने खाली बघितलं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मामंजी आत हायत."

आप्पासाहेब आतल्या खोलीत बाजेवर बसले होते. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. अण्णाराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. बाजेवर बसा म्हणाले तरी बसला नाही. त्याने खिशातून तो तुकडा काढला, त्यांच्या पायाशी ठेवला आणि सगळं सांगितलं. सकाळच्या विद्यार्थ्याला परत पाठवलं तिथपासून, तिसऱ्या दिवशी तुकडा ओढून काढला तिथपर्यंत. काही गाळलं नाही. ऋतुजा दारात उभी होती.

आप्पासाहेब त्या तुकड्याकडे बघत राहिले. अण्णारावाला वाटलं, आता हे शिव्या देतील, मारतील. मारलं तर बरं, असंही वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे गाडी हळू होती?"

"हाव."

"तुमाला काय माहीत? तुम्ही कुठं होता?"

"हळूच होती, मामंजी," ऋतुजा म्हणाली. "तीनला लोह्याहून निघाले. अपघात चारला झाला, पंचनाम्यात हाय. पाऊण तासाची वाट बी न्हाई ती. मोबाइलमध्ये कॉलची येळ हाय, दाखवते."

"नको." आप्पासाहेबांनी हात वर केला. ते बाजेचा आधार घेऊन उठले, दोघांच्या मधून बाहेर गेले आणि अंगणात लिंबाखाली जाऊन उभे राहिले. गाडीवर ताडपत्री टाकलेली होती. महिनाभर ते तिकडे बघत नव्हते, लिंबाला वळसा घालून जायचे. त्यांनी ताडपत्री ओढून काढली आणि सीटवर हात ठेवला. लहान लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"लई बोललो रे तुला," ते म्हणाले. "सगळ्या गावासमोर बोललो."

ते कितीदा तरी तेच म्हणत राहिले. अण्णाराव ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. त्यांच्याजवळ जायची त्याची छाती झाली नाही. शेवटी आप्पासाहेब मागे न बघता म्हणाले, "ते टायर घेऊन जा, अण्णाराव. इथं नको." आवाजात राग नव्हता आणि माया पण नव्हती. आजवर ते त्याला नेहमी व्याही म्हणायचे.

ऋतुजा त्याला फाट्यापर्यंत सोडायला आली. एक टायर त्याच्या खांद्यावर, एक तिच्या. दोरा तिने वाटेतच सोडून पदराच्या टोकाला बांधला होता. ऊन कलत होतं. एसटीची वाट बघत दोघं एका दगडावर बसले.

"मी येते, आबा," ती म्हणाली. "आता न्हाई. मामंजी जेवायला लागले की येते."

त्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "एक इचारू?"

"इचारा."

"धोंड्याला मी टायर दिले असते, तर काय म्हणणार होते ते? तुला बोलले होते का?"

"तोंड करून दाखवलं होतं फोनवर. मला काहीच माहीत न्हाई असं तोंड करतो म्हणले. कसं करू, सांग, म्हणून तीन-तीनदा करून दाखवलं."

"कसं?"

तिने बापाकडे तोंड वळवलं. भुवया वर नेल्या, डोळे मोठे केले, हात गालाला लावला, अगदी दयानंदासारखा. "अगं बया! मामा, हे काय केलं तुम्ही?" असं ती म्हणायला गेली. 'मामा'पर्यंत आली, आणि तिचं ते वर नेलेलं, हसरं तोंड तसंच थरथरत राहिलं. अण्णारावाने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. महिन्याभरात ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली, आणि तोही रडला, रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत.

नांदेडची एसटी येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. दोघंही उठले नाहीत, आणि ती तशीच निघून गेली.